गेणबा गुळव्या आणि मूतपाखरं

गेणबा टेंगले थुंकला की समजायचं, जवळपास कुठंतरी फुलपाखरू बसलंय.

थुंकणंही साधंसुधं नाही. आधी नाक चढायचं, मग गळ्याच्या तळातून 'ह्याऽऽक्' असा आवाज निघायचा, जुनं इंजिन सुरू होण्याआधी खोकतं तसा, आणि मग 'थू'. खोपीत भाकरी थापणारी त्याची बायको भागुबाई नुसत्या आवाजावरून रंग सांगायची. एकदा थू ऐकली की म्हणायची, "पिवळं हाय." दोनदा आली तर, "काळं आलं जनू." आणि तीनदा आली तर कपाळाला हात लावायची, कारण तीन थू म्हणजे जोडी.

यवतपासून दोन मैल आत, कालव्याच्या खालच्या अंगाला शंकररावांचा ऊस आणि त्या उसातच त्यांचं गुऱ्हाळ. साल शहात्तर, दिवाळी नुकतीच उलटलेली. गुऱ्हाळात ऊस गाळणारे पुष्कळ, चुलाणात जाळ घालायला म्हाळू होता, पण रसाच्या उकळत्या मोठ्या काहिलीकडं बघून "उतरवा!" म्हणायचा अधिकार एकट्या गेणबाचा. तोच गुळव्या. त्यानं क्षणभर आधी म्हटलं तर गूळ पाघळायचा, क्षणभर उशिरा म्हटलं तर करपायचा. गेणबाचा गूळ कधी पाघळला नाही, कधी करपला नाही, आणि ढेप फोडली तर आत मुंगीचा पाय सापडला नाही.

बाप मेंढरांमागं हिंडला. मेंढरं गेली, भावांनी शेती धरली, गेणबानं काहील धरली. म्हाळूला त्याचंच नवल. "म्या म्हनलं, गेणबा मामा," तो चुलाणात चिपाडं कोंबता कोंबता म्हणायचा. त्याचं प्रत्येक वाक्य 'म्या म्हनलं'नंच सुरू व्हायचं, जणू ते आधी एकदा म्हणून झालेलं असायचं. "म्या म्हनलं, जलमापासनं लेंड्यांत लोळलायसा. आन् किळस कशाची, तर फुलपाखराची?"

"लेंडी वाळती," गेणबा म्हणायचा. "एका जागी पडून ऱ्हाती. उडून तुझ्या भाकरीवर बसती का?"

"पर दिसतंय किती ग्वाड."

"फुलपाखरू म्हनून नाव कुनी ठिवलं रं त्याला? त्यानं सकाळी उठून बघितलं नसंल. मूतपाखरू हाय ते! मूतपाखरू!"

गेणबा मात्र सकाळी उठून बघायचा. ज्याची किळस येते त्यावरून माणसाची नजर हलत नाही, तसं त्याचं झालं होतं. ऊन यायच्या आत ती चिपाडाच्या गंजीवर चिकटलेली असत, मेल्यासारखी. थंडीनं पंख उचलत नसत. मग ऊन आलं की पंख पसरून पाठ शेकत बसायची. "बघ, बघ," गेणबा म्हाळूला दाखवायचा, "पाटलासारखी उन्हाला पडल्यात. आता अंग तापलं की निघतील न्याहारीला." घटकाभर बांधावरच्या तरवडाच्या फुलांवर. तेवढंच लोकांना दिसायचं, आणि तेवढ्यावर लोक भुलायचे. पुढचं कुणी बघत नसे. पुढं ती थेट बैलांच्या गोठ्यामागं यायची, जिथं मुताचा चिखल कधी वाळत नसे. तिथं वीस, तीस, पन्नास, सगळी खांद्याला खांदा लावून, आत गुंडाळलेली सोंड दोऱ्यासारखी सोडून चिखलातून मुताचं पाणी ओढत बसायची. पुढून ओढायची आणि मागून थेंब थेंब सोडायची. एकीकडे पिणं चालू, दुसरीकडे ते चालू. गेणबानं पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा दोन वेळ जेवला नव्हता.

दुपारी कुजक्या पपईवर. नाहीतर मेलेल्या खेकड्यावर. नाहीतर कुणा गड्याच्या घामेजल्या मानेवर. आणि मग, त्याच पायांनी, रसाच्या पिपावर! पाय रसाला लागला रे लागला की सोंड सुटायची. "पायानं चव घेतंय ते," गेणबा दात खाऊन सांगायचा. "आधी ताटात पाय, मंग त्वांड. कोन शिकवतं ह्यान्ला?"

त्यांचं सगळं आयुष्यच त्याला तोंडपाठ झालं होतं, आणि त्यातलं एकही पान त्याला पसंत नव्हतं. तरवडाच्या पानाखालच्या कोशातून पिवळं निघतं तेव्हा पंख भिजल्या पोतेऱ्यासारखे, आणि निघाल्या निघाल्या पहिलं काम काय, तर मागून तांबूस पाण्याचा थेंब टाकणं. मादी असली तर तिचे पंख वाळेपर्यंतही दम नाही. नर आधीच येऊन टपलेला. मग शेपटीला शेपटी लावून दोघं अर्धा दिवस, तोंडं दोन दिशांना. ("तीन थू" त्या ह्या.) मग मादी पानापानावर एकेक अंडं डकवत हिंडणार. आणि पंधरा दिवस, फार तर महिना झाला की अंगावरची भुकटी झडून पंख मळक्या काचेसारखे, कडा फाटलेल्या, आणि तरीही मेलं मुतावर हजरच. शेवटी मुंग्या ओढून न्यायच्या. गेणबाला त्यातल्या त्यात तेवढा एक प्रसंग बरा वाटे.

आता ही एवढी किळस एखाद्या शिंप्याला असती तर चाललं असतं. गुळव्याला परवडणारी नव्हती, त्याचं कारण वेगळं.

गुऱ्हाळाची एक रीत होती. काहील वाफ्यात ओतली, म्हणजे त्या उथळ हौदात गूळ निवायला घातला, की पहिला ऊन ऊन गोळा गुळव्यानं खायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "ग्वाड हाय." त्याशिवाय मालकही गूळ तोंडात घालत नसे. आणि गेणबानं बावीस वर्षांत गुळाचा खडा तोंडात घातला नव्हता.

विशीतला असताना तो दौंडकडं ज्ञानू गुळव्याच्या हाताखाली होता. एकदा निवत्या ढेपेत एक काळं फुलपाखरू अर्धं रुतलेलं त्यानं दाखवलं. ज्ञानू हसला, अंगठ्यानं ते आत दाबलं, वरून गूळ सारखा केला आणि म्हणाला, "ग्वाडात मुरलं." त्या रात्री गेणबानं शपथ घेतली नाही की काही नाही, गूळ घशाखाली उतरायचाच थांबला. तेव्हापासून तो गोळा तोंडाशी न्यायचा, जबडा असा हलवायचा की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं, मिशी पुसायचा, "ग्वाड हाय" म्हणायचा, आणि मिशीवरून डोक्याकडं गेलेला हात गोळा मुंडाशात खोचून खाली यायचा. भागुबाई संध्याकाळी मुंडासं झटकून खडा म्हशीला घालायची. मुंग्यांनी गेणबाचं डोकं कायम खाजायचं. लोक म्हणायचे, हुशार माणसं डोकं खाजवतातच.

हे गुपित फुटलं तर? गुळव्याच गूळ खात नाही म्हटल्यावर यवतपासून शिरूरपर्यंत एकही गुऱ्हाळ त्याला दारात उभं करणार नव्हतं.

आणि नेमकं त्याच हंगामात न्हावऱ्याच्या आण्णांनी सांगावा धाडला. आण्णा न्हावऱ्यात नवं गुऱ्हाळ घालणार होते. गुळव्या बारमाही हवा; हंगाम संपला की मळा बघायचा. राहायला दोन खणांचं पत्र्याचं घर. "पर आधी एक काहील माझ्या डोळ्यानं बघीन, आन् गुळव्याच्या हातचा खाईन. मंग ठरवू."

घर म्हटल्यावर भागुबाईच्या हातातली परात थांबली. लग्न झाल्यापासून दर हंगामाला नवी खोप, दर पावसाळ्याला दिराच्या पडवीचा कोपरा. "भिंत असंल का वो?" तिनं विचारलं. "म्हंजी खुटी मारायसारखी?"

"मातीची असंल."

"मातीला बी खुटी बसती," ती म्हणाली, आणि परत परात फिरवायला लागली. त्यानंतर पंधरा दिवस तिनं तो विषय काढला नाही. पण गेणबाला माहीत होतं. बाभळीच्या दोन खुट्या तासून तिनं उशाला ठेवल्या होत्या.

गेणबानं तयारी केली. तशी ती दर हंगामाला असायचीच, यंदा जास्त. गुऱ्हाळापासून पन्नास पावलांवर, वास इकडं येणार नाही अशा बेतानं त्यानं एक खड्डा खणून ठेवला होता. त्यात काहिलीवरच्या फेसाची मळी, सडकी पपई, बैलांचं मूत, सगळं नाकाला फडकं बांधून आणि दर घमेल्याला एक थू करून ओतलेलं. चार दिवसांत तो असा आंबला की परिसरातली झाडून सगळी फुलपाखरं तिकडं. वर पिऊन झिंगायची, आडवी पडायची. "बाजार भरलाय मेल्यांचा," गेणबा म्हणायचा. गूळ स्वच्छ राहायचं गुपित हेच. ज्याची घाण वाटते त्याला त्याच्या आवडीची घाण लांब नेऊन वाढायची. पण हे त्यानं कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. त्या खड्ड्याविषयी बोलायचं म्हटलं तरी ओकारी यायची.

आण्णा आले ते राजदूत फटफटीवरून. धोतर, कोट, आणि आवाज असा की कालव्यापलीकडच्यालाही पाहुणा आल्याचं कळावं. सगळं तीनदा म्हणायची सवय. "वा वा वा! काय मळा, काय मळा, काय मळा!"

शंकररावांनी बाज टाकली. रस आला. आणि रसामागोमाग ती आली. आधी एक पिवळं. मग चार. मग गेणबानं मान वर केली तर गुऱ्हाळाच्या छपराखाली पिवळी, काळी, केशरी नुसती भिरभिर चाललेली, पिपावर, फडक्यावर, आण्णांच्या पेल्याच्या काठावर.

"म्हाळूऽ!" गेणबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ही हिकडं कशी?"

म्हाळूचा चेहरा फुललेला. "म्या म्हनलं, पाव्हनं येनार, तुमची इतकी ताकीद सफाईची. म्या म्हनलं, त्यो वास मारनारा खड्डा कशाला ऱ्हावा? सकाळी सकाळी राख घालून बुजवला बघा. वर शेनसडा पन टाकला!"

गेणबानं डोळे मिटले. सबंध बाजार उठवून दिला होता पठ्ठ्यानं. गिऱ्हाइकं जाणार कुठं?

आता काही करता येत नव्हतं. काहील चढली होती, रस निवळायला भेंडीचं पाणी पडलं होतं, मळी वर येत होती. गेणबा एका हातानं झाऱ्यानं मळी काढत होता, दुसऱ्या हातानं फडकं फिरवत होता, आणि थुंकी गिळत होता, कारण पाहुण्यासमोर थुंकायचं कसं? आणि तिकडं आण्णा आपले खूश.

"शोभा आली, शंकरराव, शोभा आली, शोभा आली! अवो, फुलातलं जनावर हे. शुद्ध असंल तितंच बसतं. घानीवर कवा बसायचं न्हाई!" त्यांच्या मनगटावर एक केशरी येऊन बसलं होतं, घामात सोंड घालून. त्यांनी ते कौतुकानं सगळ्यांना दाखवलं, फुंकून उडवलं, आणि त्याच हातानं शेंगदाणे तोंडात टाकले.

गेणबानं झारा काहिलीच्या काठावर आपटला. दाराशी उभी राहून भागुबाई बघत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, खुट्या आठवल्या, आणि दात आवळले.

पाक घट्ट झाला. बुडबुडे मोठे झाले. गेणबानं थेंब पाण्यात टाकला, गोळी झाली. आता कुठल्याही क्षणी "उतरवा!" म्हणायचं, आणि त्याच क्षणी आण्णांनी फुंकून उडवलेलं ते केशरी, वाफेत भोवळून, गेणबाच्या नाकासमोरून सरळ काहिलीत पडलं.

कुणी बघितलं नाही. आण्णा बोलत होते. गेणबानं झारा मारला आणि ते वर काढलं. फुलपाखराला पंख चार. झाऱ्यात आले तीन.

"उतरवा!" तो ओरडला, कारण नाहीतर सगळंच करपलं असतं. गड्यांनी काहील उचलली, गूळ वाफ्यात ओतला, सोन्यासारखा, हलता, आणि त्यात कुठंतरी चौथा पंख, किंवा त्याची भुकटी.

"वा वा वा," आण्णा उठून वाफ्यापाशी आले. "आता गुळव्याचा मान. खावा मामा, खावा, खावा."

शंकररावांनी गोळा गार पाण्यात बुचकळून गेणबाच्या हातावर ठेवला. आण्णा हातभर अंतरावर उभे, डोळे सरळ गेणबाच्या तोंडावर. मिशी पुसायला जागा नाही, मुंडाशाकडं हात न्यायला सवड नाही. बावीस वर्षांची कसरत, आणि आज सगळा उजेड त्याच्यावरच.

खावं. एक गोळा. गिळून टाकावं औषधासारखं. घर मिळेल. गेणबानं तोंड उघडलं, गूळ ओठाला लागला, आणि गळ्याच्या तळातून ते इंजिन आपोआप सुरू झालं.

ह्याऽऽक्. थू! थू! थू! थू!

खोपीच्या दारात भागुबाई खाली बसली.

"काय झालं?" आण्णा दचकले. "करपला का काय?"

"करपला न्हाई." गेणबानं गोळा खाली ठेवला. "पाखरू पडलं व्हतं. तीन पंख काढलं. चौथा आतच हाय. ह्यो गूळ बैलास्नी घाला, मानसाला नगं."

शंकररावांचा चेहरा उतरला. "गेणबा, काय म्हंतो मी, एवढ्याशा पंखापायी..."

पण आण्णा हसायला लागले होते. "अवो मामा! फुलपाखराचा पंख तो! माशी न्हवं, झुरळ न्हवं. फुलातला मध खानारं..."

एवढं ऐकल्यावर गेणबाचा बांध फुटला. "मध? या हिकडं, दावतो मध!" आण्णांच्या कोटाची बाही धरून त्यानं त्यांना गोठ्यामागं नेलं. खड्डा बुजला तरी मुताचा चिखल होताच, आणि त्यावर तीसचाळीस पिवळी खांद्याला खांदा लावून बसलेली. गेणबा उकिडवा बसला. ओठांचा चंबू केला, दोन्ही हात पाठीमागं पंखांसारखे उभे केले, आणि सुर्र सुर्र आवाज करत दाखवायला लागला. "असं पुढनं ओढायचं. दिसलं? आन् आता मागं बघा, मागं. थेंब पडला? असं मागनं सोडायचं! दिसभर! आन् मंग ह्याच पायांनी उठायचं, उडायचं, आन् कुनाच्या तरी पेल्यावर बसायचं. पेल्याच्या काठावर. मनगटावर."

आण्णांनी आपल्या मनगटाकडं बघितलं. मग शेंगदाण्यांच्या बोटांकडं. "बास, बास," ते म्हणाले. तिसरं 'बास' निघालं नाही. ते लिंबाच्या झाडामागं गेले, आणि तिथून जो 'ह्याऽऽऽक्' ऐकू आला त्यापुढं गेणबाचा आवाज म्हणजे मांजराचं शिंकणं. शंकरराव धावले, म्हाळू तांब्या घेऊन धावला. धावपळीत गेणबाचं मुंडासं सुटलं, आणि काल झटकायचा राहून गेलेला गुळाचा काळपट खडा, चार मुंग्यांसकट, सगळ्यांच्या मधोमध पडला.

"हे काय?" शंकरराव.

"गूळ," गेणबा म्हणाला. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "मी खात न्हाई. बावीस वर्सं झाली."

राजदूत फटफट करत निघून गेली. शंकररावांनी हंगाम पुरा करायला सांगितलं, आणि त्यानंतर तोंड दाखवू नको म्हणाले. गड्यांनी त्या दिवसापासून चहात गूळ घेणं सोडलं. भागुबाईनं एक खुटी चुलीत घातली. दुसरी गेणबानं उचलून लपवली.

आठवडा गेला. नवव्या दिवशी राजदूत परत आली. कोट सैल, गाल बसलेले.

"मामा," आण्णा म्हणाले, एकदाच. "तुमी माझं वाटोळं केलं. घरात गूळ हाय, खाता येईना. भावाच्या घरी पुरनपोळी केली, ताटावरनं उठलो. तीन गुऱ्हाळं हिंडलो. हरएक ठिकानी इचारलं, तुमचा गुळव्या गूळ खातो का? म्हनले, खातो की, हावऱ्यागत खातो. झालं, घसा बंद." त्यांनी मनगट धोतराला पुसलं. "जितं गुळव्यालाच किळस येती, तितलाच गूळ आता माझ्या घशाखाली उतरंल. घर तयार हाय."

खोपीतून भांड्याचा आवाज थांबला.

"पर एक अट," आण्णा बोट उचलून म्हणाले. "तुमी त्वांड उघडायचं न्हाई. त्या पाखराचं नाव माझ्या मळ्यात काढायचं न्हाई. आन् करून तर मुळीच दावायचं न्हाई."

संक्रांतीनंतर टेंगल्यांचं बिऱ्हाड न्हावऱ्याला गेलं. गाडीतून उतरल्या उतरल्या भागुबाईनं भिंतीला हात लावून बघितलं, आणि गेणबानं पटक्यातून एक बाभळीची खुटी काढून तिच्या हातात दिली. ती लगेच दगड शोधायला गेली.

आतून खुटी ठोकल्याचा आवाज येत होता तेव्हा गेणबा बाहेर पावलं मोजत चालला होता. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. खड्डा खणला. नाकाला फडकं बांधलं, गोठ्यामागून घमेलं भरून आणलं, तोंड फिरवून ओतलं. अटीप्रमाणं नाव काढलं नाही.

"घ्या," तो फडक्याआडून म्हणाला, "आधी तुमचं ताट वाढतो, मेल्यांनो." आणि थुंकला. एकदाच. तिथल्या तरवडावर पहिलं पिवळं येऊन बसलं होतं.